खाण कंपनीच्या संचालक मंडळाला खुले पत्र: मेळावा नको, मासिक बैठक परत सुरू करा

प्रति,
मा. अध्यक्ष व संचालक मंडळ, तसेच समाजसंपर्क विभाग

विषय: वस्तीसोबतची मासिक बैठक बंद करण्याच्या निर्णयाबाबत

महोदय,

आपल्या समाजसंपर्क विभागाने लावलेली नोटीस मी तीन वेळा वाचली. मजकूर जेमतेम दोन वाक्यांचा आहे. मासिक बैठक यापुढे होणार नाही, तिच्याऐवजी वर्षातून एकदा ‘संवाद मेळावा’ भरेल. एरवीच्या तक्रारी मोबाइल अ‍ॅपवर नोंदवाव्यात. कारण दिलेलं नाही, आणि बैठकीला येणाऱ्या एकालाही आधी विचारलेलं नाही.

त्या बैठकीची वही सात वर्षं मी लिहिली आहे. कोण काय म्हणालं, कंपनीने काय उत्तर दिलं, कोणत्या तारखेपर्यंत काय करायचं ठरलं, हे सगळं माझ्या अक्षरात आहे. त्यामुळे या विषयावर बोलायचा मला अधिकार आहे असं मी समजते. बंद पाकिटातून पाठवलेल्या दोन पत्रांची पोचसुद्धा मिळाली नाही, म्हणून हे तिसरं पत्र सगळ्यांनी वाचावं असं लिहिते आहे.

बैठकीत काय चालायचं ते संचालक मंडळापर्यंत बहुधा कधी पोचलं नसेल. पहिली पंधरा-वीस मिनिटं नुसते आकडे. महिन्यात किती सुरुंग उडवले, किती वाजता उडवले, आणि वस्तीच्या कडेला ठेवलेल्या यंत्राने प्रत्येक हादरा किती मिलिमीटर प्रति सेकंद नोंदवला. मग सहा विहिरींची पातळी, काठापासून किती मीटर खाली. मग धूळ. अधिकारी वाचायचे, मी लिहायचे, मागच्या रांगेत एक-दोन जण डुलक्या घ्यायचे. आणि मध्येच कुणीतरी म्हणायचं, “साहेब, अकरा तारखेचा सुरुंग परत वाचा बघू.” अकरा तारखेला त्याच्या घरातली फळीवरची भांडी खाली आलेली असायची. यंत्राचा आकडा आणि त्या माणसाचं म्हणणं एकाच पानावर यायचं. बैठकीचं मोल त्या एका पानात होतं.

माझ्या आईच्या घराचं सांगते. पूर्वेकडच्या भिंतीला खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरपी भेग गेली. आपले अभियंते येऊन बघून गेले. घर जुनं आहे, भेगा पडायच्याच, असं म्हणाले. बैठकीत हा विषय तीन महिने रेंगाळला. चौथ्या महिन्यात ठरलं की भेगेवर काचेची पट्टी बसवायची. दोन बोटं रुंदीची पातळ काच, दोन्ही टोकांना सिमेंटचा गोळा, आणि सिमेंट ओलं असताना खिळ्याने कोरलेली तारीख. भिंत हलली नाही तर काच जशीच्या तशी राहते, भेग वाढली की तडकते. आई सकाळी उठली की आधी त्या काचेकडे बघायची, मग दार उघडायची. एकोणिसाव्या दिवशी दुपारच्या सुरुंगानंतर काच मधोमध तडकली. पुढच्या बैठकीत त्या दुपारचा आकडा वाचला गेला, तो त्या महिन्यातला सगळ्यात मोठा निघाला. जुन्या घराची सबब त्या दिवशी संपली. आपण त्या बाजूला एका वेळी उडणारी सुरुंगाची दारू कमी केलीत, भोकं एकदम न उडवता मिलिसेकंदांच्या अंतराने उडवायला लागलात. भेग आजही आहे. पण नंतर बसवलेली काच दोन वर्षं शाबूत आहे.

ही गोष्ट मी आपल्यावर ठपका ठेवायला सांगत नाही. कंपनी इथे नीट वागली. समोरासमोर बसून आकडे वाचले गेले म्हणून तिला नीट वागता आलं. आता तीच जागा आपण बंद केली आहे, आणि याच गोष्टीने मला झोप लागत नाही.

आपण वस्तीसाठी काही करत नाही असं मी म्हणणार नाही, ते खोटं होईल. शाळेला बाकं आली, शिलाई यंत्रं आली. फिरत्या दवाखान्याच्या गाडीतल्या डॉक्टरांनी माझ्या वडिलांच्या छातीतली घरघर वेळेत ओळखली, ते ऋण मी विसरणार नाही. पण आपल्या वार्षिक अहवालात तीन वेगळ्या गोष्टी एकाच रकान्यात बसवलेल्या असतात. आपल्या कामामुळे आमचं जे गेलं ते भरून देणं ही भरपाई. आपण आपल्या खुशीने देता ती मदत. आणि आमच्या आयुष्यावर परिणाम होणारं काही करण्याआधी आमच्याशी बोलणं, ही तिसरी गोष्ट. शिलाई यंत्रं दिली म्हणून विहिरीचं देणं फिटत नाही. आणि विहिरीचं देणं फेडलं तरी ढिगारा कुठे टाकायचा हे आम्हाला न विचारता ठरवायची मुभा मिळत नाही.

कायद्यालाही हा फरक कळतो. भारतात २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे असतात, आणि कंपनीच्या नेहमीच्या धंद्याचा भाग असलेला खर्च त्यात धरता येत नाही. खाणबाधितांसाठी २०१५ पासून जिल्हा खनिज प्रतिष्ठान, म्हणजे जिल्ह्याचा निधी, वेगळा आहे. १२ जानेवारी २०१५ च्या आधीच्या खाणपट्ट्यांना त्यात स्वामित्वधनाच्या (सरकारला द्यायच्या रॉयल्टीच्या) ३० टक्के, लिलावातून घेतलेल्या पट्ट्यांना १० टक्के रक्कम भरावी लागते. कायद्याने दोन खाती वेगळी ठेवली आहेत. आपल्या अहवालात ती एकत्र का येतात?

आता तक्रारी एकेक करून मांडते.

पहिली तक्रार, निर्णय आधी होतो आणि बोलणं मागून येतं. पश्चिमेकडचा ओबीचा, म्हणजे खनिजावरून काढलेल्या माती-दगडाचा, ढिगारा वस्तीच्या दिशेने वाढवायचा हे आम्हाला कधी कळलं? खुणेच्या खुंट्या ठोकायला माणसं आली तेव्हा. पर्याय होते का, दुसरीकडे जागा होती का, हे आम्ही पुढच्या बैठकीत विचारलं. आराखडा मंजूर आहे, एवढंच उत्तर वहीत आहे. मंजुरी असणं आणि लोकांना विचारलेलं असणं यांत किती अंतर असू शकतं ते जगाने २४ मे २०२० ला बघितलं. ऑस्ट्रेलियाच्या पिलबारा भागात रिओ टिंटो कंपनीने लोहखनिजासाठी जूकन घळीतल्या शैलगुहा सुरुंगाने उडवल्या. ४६ हजार वर्षांच्या मानवी वावराच्या खुणा तिथे होत्या. तिथल्या मूळनिवासी पुटू कुंटी कुर्रामा आणि पिनिकुरा लोकांसाठी ती पवित्र जागा. कंपनीकडे सरकारी परवानगी होती, २०१३ पासून होती. नंतर संसदेच्या चौकशीत बाहेर आलं की खड्ड्याच्या आखणीचे चार पर्याय कंपनीपुढे होते आणि त्यांतल्या तीन पर्यायांत गुहा वाचत होत्या. त्या लोकांपुढे ते तीन पर्याय कधी मांडलेच गेले नाहीत. मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांसह तीन वरिष्ठांना पद सोडावं लागलं. गुहा मात्र गेल्या त्या गेल्या.

आमच्या पश्चिमेला गुहा नाही. मुलांची शाळेत जायची वाट आहे आणि पावसात तिथून पाण्याचा लोंढा उतरतो. पर्याय होते की नव्हते, हे आम्हाला आजही माहीत नाही.

दुसरी तक्रार आकड्यांची. बैठकीबरोबर आकडे वाचणंही बंद झालं. अ‍ॅपवर तक्रार टाकायची चौकट आहे, हादऱ्याचा, विहिरीचा, धुळीचा एकही आकडा नाही. हादऱ्याचं यंत्र जागेवरच आहे, त्याचा हिरवा दिवा मला घरातून दिसतो. ते अजून मोजतं आहे, आम्हाला सांगत नाही एवढंच. वस्तीच्या वरच्या अंगाला खाणीतून निघणाऱ्या गाळाचा बंधारा आहे. त्याच्या भिंतीत पाण्याची पातळी किती चढली, तपासणी शेवटची कधी झाली, हेही आम्ही बैठकीतच विचारायचो. हा विषय जिवाचा आहे. ब्राझीलमध्ये ५ नोव्हेंबर २०१५ ला मारियानाजवळचं खाणीच्या गाळाचं फुंदाओ धरण फुटलं तेव्हा खालच्या बेंतो रोड्रिगेस गावात धोक्याचा भोंगाच नव्हता. लोकांनी फोन करून, गाडीवरून ओरडत फिरून एकमेकांना बाहेर काढलं. तरी १९ माणसं गेली. चार वर्षंही झाली नाहीत तोच, २५ जानेवारी २०१९ ला, ब्रुमाजिन्योचं धरण फुटलं. तिथे भोंगे बसवलेले होते, पण वाजले नाहीत. खाण कंपनीचं स्वतःचं उपाहारगृह धरणाच्या खालच्या अंगाला होतं आणि वेळ दुपारच्या जेवणाची होती. २७० माणसं गेली, बरीचशी कंपनीचीच. त्यानंतर ऑगस्ट २०२० मध्ये गाळाच्या धरणांसाठी जागतिक मानक आलं. धरणाची माहिती लोकांपुढे ठेवा आणि बाधित लोकांना सामावून घ्या, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. आपल्या कार्यालयाच्या भिंतीवर सुरक्षिततेच्या इतक्या पाट्या आहेत, त्यात बंधाऱ्याच्या आकड्यांची एक पाटी बसेल.

तिसरी तक्रार, तक्रारीचं पुढे काय होतं याची. नोटीस लागल्यावर मी अ‍ॅपवर पहिली तक्रार टाकली. डंपरच्या रस्त्यावर पाणी मारणारा टँकर नऊ दिवस फिरकला नव्हता. दुसऱ्या दिवशी मोबाइलवर निरोप आला, ‘आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.’ कोणी आलं नाही, टँकर आला नाही, निकाली म्हणजे काय झालं तेही लिहिलेलं नाही. मला निदान अ‍ॅप उघडता येतं. आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांच्या हातात साधे फोन आहेत आणि खोकला सगळ्यात जास्त त्यांनाच आहे. मानवी हक्क आणि उद्योग यांविषयी संयुक्त राष्ट्रांची जी मार्गदर्शक तत्त्वं २०११ मध्ये स्वीकारली गेली, त्यांतलं ३१ वं तत्त्व तक्रार यंत्रणा कशी असावी ते सांगतं. लोकांचा तिच्यावर विश्वास असावा, ती सगळ्यांच्या आवाक्यात असावी, पुढे काय आणि कधी होणार ते आधी कळावं, काम उघड असावं. कंपनीची स्वतःची यंत्रणा असेल तर ती संवादावर उभी असावी, हेही तिथे लिहिलं आहे. आपल्या संकेतस्थळावर आपण ही तत्त्वं मानत असल्याचं म्हटलं आहे, म्हणूनच आठवण करून देते.

तक्रारीची कागदं फायलीत राहिली की काय होतं त्याचं एक उदाहरण मनातून जात नाही. वेल्समधल्या अ‍ॅबरफॅन गावाच्या वर डोंगरउतारावर कोळसा खाणीचे ढिगारे होते. १९६३ मध्येच स्थानिक पालिकेच्या अभियंत्याने पत्रं लिहिली होती. त्यांचा विषयच होता, पँटग्लास शाळांच्या मागे टाकल्या जाणाऱ्या कोळशाच्या गाळाचा धोका. २१ ऑक्टोबर १९६६ ला सकाळी ढिगारा घसरला आणि त्याच शाळेवर आला. १४४ माणसं गेली, त्यांतली ११६ मुलं. चौकशी न्यायाधिकरणाने दोष खाणी चालवणाऱ्या राष्ट्रीय कोळसा मंडळाचा ठरवला. मी ढिगाऱ्याबद्दल पुन्हा पुन्हा विचारते तेव्हा आपल्या अधिकाऱ्यांच्या कपाळावर आठी येते. कृपया येऊ देऊ नका.

अ‍ॅबरफॅनची आणखी एक गोष्ट माझ्या चौथ्या तक्रारीशी जोडलेली आहे. उरलेले ढिगारे हटवायला हवे होते, आणि ते हटवणं हे उघडच कोळसा मंडळाचं नाहीतर सरकारचं काम होतं. पण दुर्घटनाग्रस्तांसाठी लोकांनी जमवलेल्या निधीतून त्या कामासाठी दीड लाख पौंड घेतले गेले. ते परत मिळाले १९९७ मध्ये, व्याजाशिवाय. आमच्याकडे प्रमाण लहान आहे, पण जात तीच आहे. खाणीचा खड्डा भूजलाच्या पातळीखाली गेला, आत झिरपणारं पाणी रात्रंदिवस उपसलं जाऊ लागलं, आणि सहापैकी चार विहिरी एकापाठोपाठ आटल्या. आता टँकरने पाणी येतं. आपल्या अहवालात त्या टँकरचा फोटो ‘जलसेवा उपक्रम’ म्हणून छापला आहे. फोटोत हंडा घेऊन उभी असलेली बाई आमच्या शेजारची आहे. तिची विहीर आटली म्हणून ती तिथे उभी आहे, हे फोटोखाली लिहिलेलं नाही. ते पाणी तिचं येणं आहे. त्याला सेवा म्हणू नका.

रोजगाराबद्दल थोडक्यात. दिलेल्या नोकऱ्यांचा आकडा आपण सांगता, त्यांतल्या किती कंत्राटदाराकडच्या आणि किती कायमच्या ते सांगत नाही. दोन्ही आकडे वेगवेगळे द्या.

आणि खाण बंद झाल्यावर काय, हा प्रश्न वहीत अकरा वेळा आहे. उत्तर एकदाही नाही. खड्ड्यात साठणाऱ्या पाण्याची तपासणी कोण करणार? गंधकाचं प्रमाण असलेल्या खडकाला हवा-पाणी लागलं की आम्लयुक्त पाणी झिरपतं आणि खाण बंद झाल्यावरही पुढे कित्येक दशकं ते थांबत नाही, हे आपल्या भूवैज्ञानिकांना मी सांगायची गरज नाही. आमच्याकडचा खडक तसा आहे की नाही, हे मात्र त्यांनी आम्हाला सांगायला हवं.

लोकांना निर्णयात घेतलं तर खाण चालणारच नाही, अशी भीती आपल्या विभागातल्या एका अधिकाऱ्यांनी माझ्याजवळ बोलून दाखवली होती. भीती प्रामाणिक होती म्हणून उत्तर देते. कधीकधी लोक नाही म्हणतात, हे खरं आहे. ओडिशात नियमगिरीच्या बॉक्साइट खाणीबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ग्रामसभांचं मत घ्यायला सांगितलं, आणि बाराच्या बारा ग्रामसभांनी नकार दिला. तो नकारही ऐकायचाच असतो. पण अलास्कातली रेड डॉग जस्त खाण बघा. जमीन तिथल्या मूळनिवासी इन्युपियाट लोकांच्या संस्थेची, करार १९८२ चा, खाण सुरू झाली १९८९ मध्ये. निव्वळ उत्पन्नातला त्यांचा वाटा ठरावीक वर्षांनी वाढत जाईल असं करारातच लिहिलं आहे. नोआटक आणि किवालिना या गावांतल्या शिकारीवर जगणाऱ्या माणसांची एक समिती आहे. वसंतातली शिकार आटोपली असं ती म्हणेपर्यंत खनिजाची जहाजं हलत नाहीत. तिथेही सगळं गोड नाही. पाण्याच्या प्रदूषणावरून किवालिनातल्या काही रहिवाशांनी कंपनीला कोर्टात नेलं होतं. तरी जहाज कधी निघणार यात शिकाऱ्याचा शब्द चालतो आणि खाण तीन दशकांहून जास्त काळ चालू आहे. आम्ही जहाजं थांबवायला मागत नाही, महिन्यातले दोन तास मागतो आहोत.

मागण्या अशा आहेत:

– मासिक बैठक पूर्वीसारखी सुरू करावी. निर्णय घेण्याचा अधिकार असलेला किमान एक अधिकारी प्रत्येक बैठकीला असावा.

– हादरे, विहिरींची पातळी, धूळ आणि बंधाऱ्याची तपासणी यांचे आकडे दर महिन्याला मराठीत, मोठ्या अक्षरात, वस्तीच्या फलकावर लावावेत आणि बैठकीत वाचावेत.

– अ‍ॅप ठेवायचं तर ठेवा, पण तोंडी आणि कागदावरची तक्रारही घ्या. तक्रारदाराची सही झाल्याशिवाय कोणतीही तक्रार निकाली काढू नये.

– पश्चिमेकडच्या ढिगाऱ्याचं काम थांबवून सगळे पर्याय नकाशासह आमच्यापुढे ठेवावेत.

– बंधाऱ्याखालच्या घरांसाठी भोंगा बसवावा, तो दर तीन महिन्यांनी वाजवून बघावा आणि कोणत्या वाटेने कुठे पळायचं याची तालीम घ्यावी.

– विहिरी, भिंती आणि धूळ यांवरचा खर्च अहवालात भरपाई म्हणून वेगळा दाखवावा, आणि आमचे फोटो आम्हाला विचारून छापावेत.

– खाण बंद करण्याचा आराखडा, त्यासाठी बाजूला ठेवलेल्या रकमेसह, लोकांसमोर मांडावा.

संवाद मेळाव्याचं आमंत्रण माझ्या घरी आलं आहे. स्वागतगीत आणि सत्कार धरून कार्यक्रम तीन तासांचा आहे, प्रश्नोत्तरांना दहा मिनिटं आहेत. मला सत्कारासाठी बोलावलं आहे, सात वर्षं वही लिहिल्याबद्दल. मी तो स्वीकारणार नाही. सत्काराच्या वेळेतून पंधरा मिनिटं काढून मागच्या चार महिन्यांचे हादऱ्याचे आकडे वाचून दाखवावेत, मी वही घेऊन येते.

वहीचं शेवटचं लिहिलेलं पान १६३ वं आहे. त्यावर सहा विषय ‘पुढील बैठकीत’ असा शेरा मारून उघडे राहिले आहेत. दुसरा विषय आईच्या शेजारच्या घराचा आहे. तिथेही भेग पडली आहे आणि काचेची पट्टी बसवायचं आपण कबूल केलं होतं. काच अजून बसलेली नाही. पुढील बैठकीची तारीख या महिनाअखेरपर्यंत कळवावी.

आपली,
बैठकीची वही लिहिणारी, खाणीच्या कडेची एक रहिवासी